रग्बीचा विश्वचषक पंचांनी कुणाला दिलेला नाही

नाशिकमधल्या खेळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय. क्रीडाशिक्षकांच्या ग्रुपवर आला, पालकांच्या ग्रुपवर आला, गोल्फ क्लब ग्राउंडवर सकाळी चालायला येणाऱ्यांच्या ग्रुपवरही कुणीतरी टाकला. म्हणणं असं, की आंतरराष्ट्रीय रग्बीचे निकाल खेळाडू लावत नाहीत, पंच लावतात, आणि २०२३ चा विश्वचषक पंचांनी दक्षिण आफ्रिकेला बहाल केला. पुरावे म्हणून तिथे काय काय आहे? दक्षिण आफ्रिकेने बाद फेरीचे तिन्ही सामने एकेका गुणाने जिंकले. अंतिम सामन्यात न्यूझीलंडच्या कर्णधाराला लाल कार्ड (उरलेला सामना बाहेर) आणि आफ्रिकेच्या कर्णधाराला फक्त पिवळं (दहा मिनिटं बाहेर). न्यूझीलंडच्या ॲरन स्मिथचा ट्राय (गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवून गुण मिळवणं) रद्द. पंच वेन बार्न्स हे २००७ पासून न्यूझीलंडचे वैरी. इतके कॅमेरे असताना चूक होते, म्हणजे ती मुद्दाम केलेली. चुकलेल्या पंचांना कुणी जाब विचारत नाही. आणि शेवटची ओळ: आपल्या मुलांना असल्या खेळात घालू नका.

मी इथल्या शाळांमधल्या मुलामुलींना रग्बी शिकवतो आणि त्यांच्या सामन्यांत शिट्टीही वाजवतो. मेसेज फॉरवर्ड करणाऱ्यांपैकी बरेच जण माझ्या ओळखीचे आहेत, त्यातले काही सामन्याच्या दिवशी पाण्याचे जार स्वतःच्या गाडीतून आणून देतात. त्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. मेसेजमधल्या काही घटनाही खऱ्या आहेत. पंच चुकलेत, आणि निदान एकदा तरी त्या चुकीने विश्वचषकाचा सामना फिरला असावा. ते मी झाकणार नाही. माझा आक्षेप आहे तो चुकीवरून थेट बेइमानीवर मारलेल्या उडीला. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

«तीन सामने एकेका गुणाने जिंकणं हा योगायोग नसतो.»

फ्रान्सविरुद्ध २९–२८, इंग्लंडविरुद्ध १६–१५, अंतिम सामन्यात न्यूझीलंडविरुद्ध १२–११. आकडे बरोबर आहेत. पण सामना ज्याला कुणाला द्यायचाच आहे, तो एका गुणाच्या फरकावर कशाला ठेवील? शेवटच्या मिनिटाला समोरच्याने लांबून एक किक बसवली की सगळं मुसळ केरात.

हे एकेक गुण आले कुठून तेही बघा. फ्रान्सच्या सामन्यात थॉमा रामोसचं कन्व्हर्जन (ट्रायनंतरची दोन गुणांची किक) दक्षिण आफ्रिकेच्या चेस्लिन कोल्बेने धावत जाऊन हातांनी अडवलं. तिथे दोन गुण गेले, आणि सामना एका गुणाने गेला. इंग्लंडच्या सामन्यात दक्षिण आफ्रिका बराच वेळ मागे होती. राखीव फळीतून आलेल्यांनी स्क्रममध्ये (दोन्ही संघांचे पुढचे खेळाडू एकमेकांना भिडून चेंडूसाठी रेटतात त्यात) इंग्लंडला मागे रेटलं, त्यातून पेनल्टी (समोरच्याच्या नियमभंगाबद्दल तीन गुणांची किक मारायची संधी) मिळाली आणि हँड्रे पोलार्डने मध्यरेषेजवळून किक मारली. अंतिम सामन्यात न्यूझीलंडचं एक कन्व्हर्जन हुकलं आणि जॉर्डी बॅरेटची एक लांबची पेनल्टी हुकली. त्या दोन्हींपैकी एक जरी बसती, तरी आज हा मेसेज लिहिला गेला नसता. आणि ती पेनल्टी न्यूझीलंडला मिळाली कशी? कोल्बेने मुद्दाम हात घालून चेंडू पाडला म्हणून बार्न्स यांनीच दिली, वर कोल्बेला पिवळं कार्ड दाखवून बाहेर बसवलं. सामना संपायला सातेक मिनिटं उरली होती आणि फरक एका गुणाचा होता. सामना देऊन टाकणारा पंच त्या क्षणी हा निर्णय देत नाही.

आणखी एक गोष्ट मेसेजमध्ये अजिबात नाही. अंतिम सामन्याच्या उत्तरार्धात दक्षिण आफ्रिकेला एकही गुण मिळाला नाही. त्यांचे सगळे १२ गुण पोलार्डच्या चार पेनल्टींचे, तेही पूर्वार्धातले. मध्यंतराला १२–६ होतं, संपताना १२–११. त्याच स्पर्धेत, २३ सप्टेंबर २०२३ ला, साखळीत दक्षिण आफ्रिका आयर्लंडकडून १३–८ ने हरली. त्या दिवशी पंच होते बेन ओकीफ. फ्रान्स आणि इंग्लंडविरुद्धच्या ज्या सामन्यांबद्दल ओकीफ यांच्यावर आरोप होतात, तेच हे ओकीफ.

«एकाच गुन्ह्याला दोन रंगांची कार्डं.»

हा मुद्दा सगळ्यात जास्त लोकांना पटतो, म्हणून इथे जरा थांबतो.

न्यूझीलंडचा कर्णधार सॅम केनने दक्षिण आफ्रिकेच्या जेसी क्रीलला टॅकल केलं, म्हणजे पाडायला धरलं, तेव्हा केनचा खांदा क्रीलच्या डोक्याला लागला. उत्तरार्धाच्या सुरुवातीला दक्षिण आफ्रिकेचा कर्णधार सिया कोलिसीने न्यूझीलंडच्या आर्डी सव्हेयाला टॅकल करताना डोक्याला डोकं लागलं. दोघांनाही मैदानावर पिवळंच कार्ड मिळालं. इथपर्यंत वागणूक सारखीच आहे. पुढचं ठरवलं बंकरने. २०२३ मध्ये ही पद्धत आली: मैदानावरचा पंच पिवळं दाखवतो, खेळ पुढे सुरू होतो, आणि बाहेर बसलेला अधिकारी आठ मिनिटांच्या आत सगळ्या बाजूंची चित्रं बघून सांगतो की पिवळं राहू द्यायचं की लाल करायचं. म्हणजे ‘बार्न्स यांनी केनला लाल दिलं’ हे वाक्यच चुकीचं आहे.

बंकरमधला अधिकारी मनाला येईल ते ठरवत नाही. त्याच्यासमोर प्रश्नांचा क्रम लिहिलेला असतो. डोक्याला संपर्क झाला का? तो नियमबाह्य कृतीतून झाला का? धोका किती होता? आणि शिक्षा कमी करावी असं काही कारण आहे का, जसं की चेंडू घेतलेला खेळाडू ऐन वेळी खाली वाकला, किंवा टॅकल करणारा स्वतः वाकायचा प्रयत्न करत होता? पहिल्या दोन प्रश्नांवर केन आणि कोलिसी सारखेच सापडतात. फरक पडतो तिसऱ्यावर. केन ताठ उभा होता, वाकला नव्हता, आणि खांदा सरळ डोक्यात गेला. कोलिसीच्या बाबतीत धोका लाल कार्डाइतका नव्हता असं बंकरने ठरवलं.

हे पटलं पाहिजे असं माझं म्हणणं नाही. न्यूझीलंडच्या गोटाला ते पटलं नव्हतं, आणि प्रामाणिकपणे रग्बी बघणाऱ्यांतही यावर दोन मतं आहेत. धोका किती हा प्रश्न शेवटी अंदाजाचा असतो, मोजपट्टीचा नसतो. मला स्वतःला केनचं लाल बरोबर वाटतं आणि कोलिसीचं पिवळं काठावरचं वाटतं. पण काठावरचा निर्णय आपल्याला हवा तसा लागला नाही, एवढ्यावरून देणाऱ्याला विकत घेतलं होतं असं सिद्ध होत नाही.

हे नियम इतके कडक का झाले हे मेसेज लिहिणाऱ्याने सांगायला हवं होतं. इंग्लंडचा स्टीव्ह थॉम्पसन २००३ चा विश्वचषक जिंकणाऱ्या संघात होता. त्याला तो अंतिम सामना खेळल्याचं आठवत नाही. कमी वयात स्मृतिभ्रंशाचं निदान झालेल्या खेळाडूंपैकी तो एक. डोक्याला लागलेल्या माराबद्दल दया नको, हे या माणसांकडे बघून ठरलंय. २०२३ च्या स्पर्धेत इंग्लंडच्या टॉम करीलाही अर्जेंटिनाविरुद्ध सुरुवातीच्या काही मिनिटांतच याच कारणाने बाहेर जावं लागलं होतं, तेही लालच झालं, आणि चौदा जणांच्या इंग्लंडने तो सामना २७–१० ने जिंकला. लाल कार्ड म्हणजे सामना दिला, हे समीकरणही खरं नाही.

«स्मिथचा ट्राय चोरला.»

या मुद्द्यात तथ्य आहे, आणि मेसेजमधलं सगळ्यात भक्कम उदाहरण हेच आहे.

झालं असं. उत्तरार्धात ॲरन स्मिथने रेषेपलीकडे चेंडू टेकवला. मग टीएमओ (व्हिडिओ बघून मैदानावरच्या पंचाला मदत करणारे अधिकारी) टॉम फोली यांनी बार्न्स यांना सांगितलं की आधीच्या लाइनआउटमध्ये (चेंडू बाजूच्या रेषेबाहेर गेल्यावर तो दोन रांगांमध्ये फेकतात तेव्हा) सव्हेयाच्या हातून चेंडू पुढे पडला होता, म्हणजे नॉक-ऑन झाला होता. बार्न्स यांनी ट्राय रद्द केला. तेव्हाच्या नियमाप्रमाणे अशा साध्या चुकीसाठी टीएमओला ट्रायच्या आधीच्या दोनच फेजपर्यंत (एका टॅकलपासून पुढच्या टॅकलपर्यंतचा खेळ म्हणजे एक फेज) मागे जाता येत होतं, आणि तो नॉक-ऑन त्याहून आधीचा होता. म्हणजे फोली यांना तो काढायचा अधिकार नव्हता. प्रक्रिया मोडली गेली. न्यूझीलंडच्या लोकांचा राग रास्त आहे.

पण मेसेजवाला एक गोष्ट गाळतो: नॉक-ऑन झाला होता. पुन्हा बघा, चेंडू सव्हेयाच्या हाताला लागून पुढे गेलाय. फोली यांनी नसलेली गोष्ट पाहिली नाही, असलेली गोष्ट अधिकाराबाहेर जाऊन सांगितली. विकला गेलेला माणूस खोटं बोलतो. हा माणूस खरं बोलला, पण त्या वेळी बोलायची परवानगी नसताना. आणि काही मिनिटांतच न्यूझीलंडच्या ब्यूडन बॅरेटने ट्राय केला, तो बार्न्स यांनी दिला. पुढच्या वर्षी, २०२४ च्या रग्बी चॅम्पियनशिपमध्ये, टीएमओला ट्रायपूर्वीचा स्पष्ट दिसणारा नॉक-ऑन किंवा पुढे गेलेला पास सांगण्यासाठी जास्त मोकळीक द्यायचा प्रयोग झाला. या खेळाचे नियम अशाच भांडणांतून बदलत आलेत.

«वेन बार्न्स न्यूझीलंडचे जुने वैरी.»

हे आलंय ६ ऑक्टोबर २००७ च्या कार्डिफमधल्या उपांत्यपूर्व सामन्यातून. फ्रान्स २०, न्यूझीलंड १८. फ्रान्सच्या यानिक झोझियाँच्या ट्रायआधीचा एक पास पुढे गेला होता. बार्न्स यांना तो दिसला नाही, बाजूच्या पंचांनाही दिसला नाही. बार्न्स तेव्हा अवघे २८ वर्षांचे होते. टीएमओला त्या काळी गोलरेषेच्या आसपासचं सोडून दुसरं काही तपासता येत नव्हतं, त्यामुळे ती चूक सुधारायची सोयच नव्हती. त्यानंतर न्यूझीलंडमधून त्यांना जे ऐकून घ्यावं लागलं, ते कुणालाही ऐकावं लागू नये.

आता १४ ऑक्टोबर २०२३. पॅरिस, उपांत्यपूर्व फेरी, आयर्लंड विरुद्ध न्यूझीलंड. पंच पुन्हा बार्न्स. न्यूझीलंड २८–२४ ने पुढे, वेळ संपलेली, चेंडू आयर्लंडकडे. रक (टॅकलनंतर जमिनीवरच्या चेंडूसाठी दोन्हीकडच्यांची झुंज), पास, टॅकल, पुन्हा रक, असं करत ३७ फेज झाल्या. त्यातल्या कुठल्याही रकला बार्न्स यांनी न्यूझीलंडविरुद्ध शिट्टी मारली असती, तर कुणी काही सिद्ध करू शकलं नसतं. इतक्या गर्दीत आणि इतक्या थकलेल्या खेळाडूंत एखादा हात चेंडूवर, एखादा पाय रेषेच्या पुढे, काहीतरी सापडतंच. वैर काढायचंच असतं तर याहून सोयीची जागा नव्हती. शेवटी न्यूझीलंडचा सॅम व्हाइटलॉक चेंडूवर वाकला, पायांवर उभा राहिला, चेंडू धरला, आणि बार्न्स यांनी पेनल्टी न्यूझीलंडला दिली. तिथे आयर्लंडची सलग १७ विजयांची मालिका संपली आणि न्यूझीलंड उपांत्य फेरीत गेलं.

मेसेजमध्ये हा सामना नाही. त्यात २००७ आहे आणि थेट २०२३ चा अंतिम सामना आहे, मधले दोन आठवडेसुद्धा नाहीत.

पंचांच्या देशाबद्दलही एक ओळ आहे: ‘पंच नेहमी सोयीच्या देशाचा नेमतात.’ २०२३ च्या स्पर्धेसाठी मुख्य पंच होते १२. इंग्लंडचे चार, न्यूझीलंडचे दोन, ऑस्ट्रेलियाचे दोन, फ्रान्स, दक्षिण आफ्रिका, आयर्लंड आणि जॉर्जियाचा प्रत्येकी एक. एवढ्या लहान यादीत कुठल्याही सामन्याला कुणाचा तरी शेजारी किंवा प्रतिस्पर्धी येणारच. ज्या इंग्लंडला दक्षिण आफ्रिकेने आठवड्यापूर्वी हरवलं, त्या देशाचे बार्न्स अंतिम सामन्यात दक्षिण आफ्रिकेवर मेहेरबान का झाले, याचं उत्तर मेसेजमध्ये नाही. असाच आरोप २०११ च्या वेल्स–फ्रान्स उपांत्य सामन्यात पंच ॲलन रोलंड यांच्यावर झाला होता. वडील फ्रेंच म्हणून त्यांनी वेल्सच्या सॅम वॉरबर्टनला लाल दाखवलं म्हणे. पुढे खुद्द वॉरबर्टननेच ते लाल बरोबर होतं असं सांगितलं.

«इतके कॅमेरे असताना चूक होते, म्हणजे ती मुद्दाम केलेली.»

कॅमेरा किती दाखवतो आणि काय दाखवत नाही, हे मैदानात उतरल्याशिवाय कळत नाही. पुढे गेलेल्या पासचंच घ्या. नियमात पास पुढे गेला की नाही हे पास देणाऱ्याच्या हातांच्या दिशेवरून ठरतं, चेंडू गवतावर कुठे पोचला त्यावरून नाही. खेळाडू सेकंदाला सात मीटरने धावतोय आणि त्याने चेंडू सेकंदाला तीन मीटरने मागे टाकला, तर जमिनीच्या हिशेबाने चेंडू अजूनही चार मीटर वेगाने पुढेच चाललाय. अर्ध्या सेकंदात तो दोन मीटर पुढे दिसेल. पंचवटी एक्सप्रेसच्या दारातून कुणी मागे चेंडू टाकला, तर नाशिकरोडच्या प्लॅटफॉर्मवर उभ्या माणसाला तो गाडीबरोबर पुढेच जाताना दिसतो, तसंच हे. टीव्हीवर मैदानावरच्या पट्ट्या दिसतात, त्यांच्याशी ताडून आपण ‘फॉरवर्ड, फॉरवर्ड’ ओरडतो. त्यातले कितीतरी पास नियमात बसणारे असतात. २००७ चा बसणारा नव्हता, पण म्हणून सगळेच तसे ठरत नाहीत.

रक तर याहून अवघड. टॅकल होऊन खेळाडू पडला की पुढच्या दोन सेकंदांत पंचाला एवढं बघायचं असतं: टॅकल करणाऱ्याने पकड सोडली का, पडलेल्याने चेंडू सोडला का, चेंडू काढायला आलेला स्वतःच्या पायांवर आहे का की पडलेल्यांवर रेलून आहे, येणारे मागून येतायत का बाजूने घुसतायत, आणि दोन्हीकडचे बाकीचे खेळाडू रकमधल्या शेवटच्या पायाच्या मागे आहेत का. हे सगळं एकाच वेळी, स्वतः धावत, आणि मध्ये पाच-सहा जणांच्या पाठी. मी लहान मुलांच्या सामन्यातसुद्धा यातल्या तीनच गोष्टी नीट बघू शकतो. उरलेल्या दोन मला अंदाजाने घ्याव्या लागतात, आणि हे पोरांनाही मी आधी सांगून ठेवलेलं असतं.

कॅमेरा असूनही न वापरता येण्याचं उदाहरण १८ ऑक्टोबर २०१५ चं आहे. ट्विकनहॅमवर ऑस्ट्रेलिया विरुद्ध स्कॉटलंड, उपांत्यपूर्व सामना. स्कॉटलंड ३४–३२ ने पुढे, सामना संपायला आलेला. पंच क्रेग जुबेर यांनी स्कॉटलंडच्या जॉन वेल्शला ऑफसाइड (आपल्याच गड्याने खेळलेल्या चेंडूच्या पुढे राहून तो धरणारा) ठरवलं, बर्नार्ड फोलीने पेनल्टी मारली, ऑस्ट्रेलिया ३५–३४. पण वेल्शपर्यंत चेंडू येण्याआधी त्याला ऑस्ट्रेलियाच्या निक फिप्सचा हात लागला होता, त्यामुळे वेल्श ऑनसाइड होता. पेनल्टी नव्हे, स्क्रम व्हायला हवा होता. हे कॅमेऱ्यात दिसत होतं, तरी टीएमओला विचारायची परवानगी अशा प्रसंगासाठी नियमात नव्हती. दुसऱ्याच दिवशी वर्ल्ड रग्बीने, म्हणजे या खेळाच्या जागतिक संघटनेने, जाहीर निवेदन काढून निर्णय चुकीचा होता असं म्हटलं.

त्या चुकीने सामना फिरला असू शकतो, हे मी मान्य करतो. स्कॉटलंडच्या खेळाडूंचं नुकसान कुठल्याही निवेदनाने भरून आलं नाही. पण संगनमत असतं तर ते झाकलं असतं. जाहीर कबुली दिली नसती, आणि नियम नेमका कुठे मोडला हे समजावूनही सांगितलं नसतं.

आणि कधी कधी कॅमेरा सगळं दाखवतो, तरी उत्तर एक येत नाही. २६ जुलै २०२५ ला मेलबर्नला लायन्सनी (इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि आयर्लंडच्या खेळाडूंचा एकत्र संघ) ऑस्ट्रेलियाला २९–२६ हरवलं. लायन्सच्या ह्यूगो कीननच्या शेवटच्या ट्रायआधी त्याचा साथीदार जॅक मॉर्गनने रकमध्ये ऑस्ट्रेलियाच्या कार्लो टिझानोला बाजूला काढलं, ते नियमात होतं की मानेवर आलं? पंच अँड्रिया पिआर्डी यांनी टीएमओबरोबर पुन्हा पुन्हा पाहिलं आणि ट्राय दिला. ऑस्ट्रेलियाचे प्रशिक्षक जो श्मिट यांना ते मान्य नव्हतं, वर्ल्ड रग्बीला मान्य होतं. तेच चित्र, तोच वेग, आणि जाणकार दोन बाजूंना. पंच आणि टीएमओ यांचं बोलणं रग्बीत सामना चालू असतानाच प्रेक्षकांना ऐकू येतं, हे लक्षात ठेवा. निर्णय कसा होतोय ते जग ऐकत असताना सौदा करणं सोपं नाही.

«पंच दक्षिण आफ्रिकेच्या खिशात आहेत.»

मग २०११ चं काय? वेलिंग्टनला उपांत्यपूर्व फेरीत दक्षिण आफ्रिका ऑस्ट्रेलियाकडून ११–९ ने हरली, आणि पंच ब्राइस लॉरेन्स यांनी रकमध्ये ऑस्ट्रेलियाच्या डेव्हिड पोकॉकला मोकळं रान दिलं म्हणून दक्षिण आफ्रिकेत वर्षभर आग धुमसत होती. २०२१ मध्ये लायन्सविरुद्धचा पहिला कसोटी सामना हरल्यावर दक्षिण आफ्रिकेचे तेव्हाचे रग्बी संचालक रॅसी इरॅस्मस यांनी पंच निक बेरी यांच्या निर्णयांवर तासाभराहून लांब व्हिडिओ काढला. चौकशी झाली, इरॅस्मस यांच्यावर बंदी आली, संघटनेला दंड झाला. म्हणजे ज्यांच्या खिशात पंच असल्याचं सांगितलं जातंय, तेच त्या विश्वचषकाच्या दोन वर्षं आधी पंचांनी आम्हाला लुटलं म्हणत होते. न्यूझीलंडकडे २००७ आहे, स्कॉटलंडकडे २०१५, वेल्सकडे २०११, फ्रान्सकडे २०२३. प्रत्येक देशाकडे स्वतःची लुटीची गोष्ट आहे, आणि प्रत्येक गोष्टीत लुटारू वेगळा आहे. सगळ्या एकत्र ठेवल्या की कुठलाही एक कट उरत नाही.

१९९५ च्या सोन्याच्या घड्याळाचाही मेसेजमध्ये उल्लेख आहे. तो प्रसंग घडला होता. डर्बनच्या चिखलात दक्षिण आफ्रिकेने फ्रान्सला १९–१५ हरवलं, फ्रान्सचा अब्देलतीफ बेनाझी अगदी रेषेजवळ पडला आणि पंच डेरेक बेव्हन यांनी ट्राय दिला नाही. पुढे अंतिम सामन्यानंतरच्या जेवणात दक्षिण आफ्रिकेच्या संघटनेचे अध्यक्ष लुई लॉयट यांनी भर सभेत बेव्हन यांना घड्याळ देऊ केलं. ते अत्यंत गैर होतं. पण शेकडो पाहुण्यांसमोर माइकवरून केलेल्या त्या आगाऊपणाला लाच म्हणता येत नाही, आणि बेव्हन स्वतः संकोचून तिथून निघून गेले.

«चुकलेल्या पंचांना कुणी जाब विचारत नाही.»

लॉरेन्स २०१२ मध्ये निवृत्त झाले. जुबेर यांना २०१५ मध्ये पुढच्या फेरीचे सामने मिळाले नाहीत. बार्न्स यांनी १११ आंतरराष्ट्रीय सामने केले, अंतिम सामन्यानंतर काही दिवसांतच निवृत्ती जाहीर केली, आणि घरच्यांना आलेल्या धमक्यांबद्दल उघडपणे बोलले. टॉम फोली यांनी त्याच वर्षी डिसेंबरमध्ये आंतरराष्ट्रीय काम थांबवलं. त्यांनाही कुटुंबासकट शिव्या आणि धमक्या आल्या होत्या. एक खरा नॉक-ऑन नको तेव्हा सांगितला, त्याची ही किंमत. एक मागणी मात्र रास्त आहे: बंकरने लाल किंवा पिवळं का ठरवलं, ते त्याच क्षणी दोन वाक्यांत प्रेक्षकांना सांगायला हवं. कोलिसीच्या वेळी ते नीट सांगितलं गेलं असतं, तर निम्मा संशय उभाच राहिला नसता. यासाठी वर्ल्ड रग्बीला कुणी पत्र लिहिणार असेल तर मी सही करतो.

आता ती शेवटची ओळ, मुलांबद्दलची. मागच्या मोसमात इथल्या एका शालेय सामन्यात शिट्टी एका कॉलेजच्या मुलीकडे होती. ती स्वतः खेळलेली, नियम पाठ, आवाज खणखणीत. रेषेच्या अलीकडे एका मुलाच्या हातून चेंडू निसटून पुढे पडला आणि मग त्याने तो रेषेपलीकडे दाबला. तिने नॉक-ऑन दिला. ती पाच पावलांवर होती, मी पंधरा पावलांवर, दोघांनाही दिसलं. मुलाचे वडील मोबाईल घेऊन मैदानात आले. “मॅडम, व्हिडिओ बघा, ट्राय आहे.” व्हिडिओ मैदानाच्या दुसऱ्या टोकावरून काढलेला. त्यात मुलाची पाठ दिसत होती, दोन बचाव करणारे दिसत होते, चेंडू कुठेच दिसत नव्हता. तिने तसं सांगितल्यावर ते म्हणाले, “तुम्ही पंच लोक सगळीकडे सारखेच. वर्ल्ड कपला काय झालं ते वाचलंय आम्ही.” तेव्हाही असाच कुठलातरी मजकूर फिरत होता. त्यांचा मुलगा शेजारी उभा होता. तो हळूच म्हणाला, “पप्पा, सुटला होता माझ्याकडून.” ते ऐकायला वडील थांबले नाहीत.

त्या मुलीने पुढच्या दोन्ही रविवारी शिट्टी घेतली नाही. नंतर मी विचारलं तर म्हणाली, सर, मी खेळायला येते, पंच नको. जिल्ह्यात ही शिट्टी घेऊ शकणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत. त्यातलं एक जरी कमी झालं, की एका शाळेच्या मुलांचे सामनेच होत नाहीत.

म्हणून या मोसमापासून आमच्या सामन्यांत एक पद्धत ठेवतोय. मैदानावर पंचाशी फक्त कर्णधार बोलेल, तेही खेळ थांबलेला असताना. पालक रेषेबाहेर. निर्णयावर आक्षेप असेल तर सामना संपल्यावर प्रशिक्षकाने कागदावर लिहून द्यायचा: कितवं मिनिट, काय झालं, कुठला नियम. व्हिडिओ असेल तर सोबत पाठवायचा. पंच आणि मी तो एकत्र बघू आणि दोन दिवसांत लेखी उत्तर देऊ. निर्णय चुकला असेल तर तसं लिहून, आणि ते पत्र दोन्ही शाळांना जाईल.